डावीकडे न गेलेली नजर

बुरुलचा खोलीत शिरली की पोरी मोबाइल पालथे घालून सरळ बसत. बिश्केकच्या त्या भाषांतराच्या कचेरीत ती सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली बहीण. रशियनमधलं किरगिजमध्ये आणण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं. हल्ली कच्चा मजकूर संगणकच करून देई, पण तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पान छापायला जात नसे. "मूळ समोर ठेवा, ओळ न् ओळ ताडून बघा," हे तिचं पालुपद. पोरी पाठीमागे तिची नक्कल करत, आणि ताडूनही बघत.

तिची जुनी शिष्या एल्नुरा आता विद्यापीठात संशोधन करत होती. भाषांतर वाचताना माणसांचे डोळे कुठे कुठे जातात, हे टिपणारं यंत्र घेऊन ती कचेरीत आली, तेव्हा पहिला मान साहजिकच एजेचा. पडद्यावर डावीकडे रशियन, उजवीकडे संगणकाचं किरगिज. बुरुलचाने पान तपासलं, दोन शब्द बदलले आणि ऐटीत मागे रेलली.

चहा आला, सोबत बोर्सोक, म्हणजे पिठाचे गरम तळलेले गोळे, आले. सगळे पडद्यापुढे जमले.

"लाव गं एल्नुरा," कचेरीतला साबिर म्हणाला. "एजेचे डोळे कसे धावतात ते बघून आम्ही आळशी लोक तरी सुधारू."

एजेच्या नजरेचा लाल ठिपका उजवीकडून झरझर खाली उतरला. डावीकडे एकदाच गेला, मथळ्यावर. मग तिकडे फिरकलाच नाही.

साबिरचा बोर्सोक हातातच राहिला. एल्नुरा घाईने म्हणाली, "एजे, चष्म्यामुळे कधीकधी नीट टिपत नाही हं यंत्र."

बुरुलचाचे कान तापले. शिष्येने आपल्यासाठी खोटं बोलावं! "ह्या किरगिजमधून मुद्दाम काय गाळलं होतंस?" तिने विचारलं.

"एकच वाक्य. पण एजे, मजकूर ओघवता असला की सगळ्यांचंच असं होतं. आमच्या अभ्यासात तेच तर दिसतंय."

सगळ्यांचंच. म्हणजे तीही त्यातलीच. आणि तेवढ्यात तिला गेल्या आठवड्यातलं पत्रक आठवलं. घोड्यांच्या जंतांवरचं औषध, कुरणावरच्या मेंढपाळांसाठी. पाण्यासारखं वाचलं गेलं होतं ते. खरं तर चष्मा पुसून गप्प राहता आलं असतं.

"साबिर, जंतांच्या औषधाचं रशियन उघड. इथेच."

ती बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. तिसऱ्या परिच्छेदात ते होतं: औषध दिलेल्या घोडीचं दूध काही दिवस पिऊ नये. किरगिजमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. आणि कुरणांवर तर आता घरोघरी घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस घुसळला जात होता.

"पत्रकं कुठवर गेली?"

"नारिनला, एजे. कालच्या गाडीने." साबिरने फोन काढून नंबर लावला. "छापखान्याने ओळ खाल्ली असं सांगतो. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"आण तो फोन इकडे."

पलीकडून नारिनच्या गुरांच्या दवाखान्यातल्या बाईंचा आवाज आला.

"मी बुरुलचा बोलतेय. ती पत्रकं वाटू नका. वाटली असतील तर माणूस पाठवा, दूध पिऊ देऊ नका. मी मूळ न वाचताच सही केली होती."

"काय म्हणालात? ऐकू येत नाही!"

पोरी आपापल्या चहात बघत होत्या. बुरुलचाने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तेच पुन्हा सांगितलं, या खेपेला ओरडून.