दोन डाळिंबांचं लगन

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आईवडील दोघंही चळवळीतले. सेलूच्या आमच्या दोन खोल्यांत गादीखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे एखादं वाक्य ‘झालंच पाहिजे’वर संपलं नाही, तर ते अर्धवट राहिलंय असं मला अजूनही वाटतं.

शोभेच्या झाडांवर माझा तेव्हापासून राग. ज्या जिल्ह्यात पोरं शाळेत भुकेली येतात, तिथे रस्त्याच्या मधोमध नुसती दिसायला छान झाडं लावायची आणि त्यांना टँकरनं पाणी घालायचं, ही मला उघड उघड थट्टा वाटते. झाडानं खायला दिलं पाहिजे, असं मी कॉलेजात एक पत्रकही काढलं होतं. म्हणून मावशीच्या दारातल्या डाळिंबाशी माझं भांडण व्हायला हवं होतं. पण त्याचं फूल समोर आलं की माझी भाषाच बंद पडायची.

मावशीचं गाव कारंजा (घाडगे) तालुक्यात, हायवेपासून आत. तिच्या अंगणात दोन डाळिंबं होती. न्हाणीजवळचं साधं, फळाचं. दारातलं फुलाचं. त्याचं फूल झेंडूसारखं भरगच्च, पाकळीवर पाकळी, आणि रंग असा की डोळे मिटले तरी थोडा वेळ आत राहायचा. फळ मात्र कधीच नाही. फुलं उमलायची आणि गळायची. गावात त्याला ‘वांझ डाळिंब’ म्हणत. हा शब्द ऐकला की मी पेटते. बाईला म्हणा नाहीतर झाडाला, शिवी ती शिवीच.

मावशीचे सासरे, ज्यांना गाव पाटील म्हणतं आणि मी आबाजी म्हणते, त्यांना ते झाड काढायचं होतं.

“ट्रॅक्टर वळत नाई अंगणात,” ते एकदा जेवताना म्हणाले. “अन् हे वांझ झाड कायले पोसून राह्यलो आपण?”

“मामाजी, याचं फळ दाखवलं तं?” मावशीनं सासऱ्यांना विचारलं.

“याले फळ? बह्याड झाली का वो तू?”

“याले नाई. याच्या लेकराले. फूल याचं अन् फळ न्हाणीजवळच्याचं.”

आबाजी हसले. मग हसू थांबवून म्हणाले, “बरं. तोवर ट्रॅक्टर रस्त्यावर लावतो. लेकराचं फळ मले खाता आलं, तं या झाडाले हात लावत नाई. थुकावं लागलं, तं कुऱ्हाड.”

मावशी लग्नाआधी संत्र्याच्या नर्सरीत डोळे बांधायची. एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवायचा, पट्टी बांधायची, की तो तिथेच फुटतो. ते तिच्या हातातलं काम. पण दोन झाडांपासून तिसरंच झाड काढणं तिनं कधी केलं नव्हतं. ते तिनं फोनवर व्हिडिओ बघून समजून घेतलं, आणि शिमग्याच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मला मदतीला घेतलं.

भरगच्च फुलात पराग शोधणं सोपं नसतं. साध्या डाळिंबाच्या फुलात मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका असतो. दारातल्या झाडात त्या केसरांच्याच पाकळ्या झाल्या होत्या. मी एक फूल उलगडत गेले, आणि आत मला एक पाकळी सापडली, अर्धी लाल पाकळी आणि अर्धा केसर. कडेला चिमूटभर पिवळी पूड चिकटलेली. काही तरी व्हायला निघालेलं आणि वाटेतच थांबलेलं. मी कितीतरी वेळ ती तळहातावर धरून उभी होते. ‘शोभा’ या शब्दावर इतकी पानं लिहिली, पण शोभा कशाची बनते हे मी पहिल्यांदा बघत होते.

“पाहून घेतलं असंन तं दे इकडे,” मावशी म्हणाली. “वारा सुटला का उडून जाईन.”

सकाळी लवकर, आंघोळ करून, ती न्हाणीजवळच्या झाडापाशी जायची. उमलायला आलेली कळी हलकेच उघडायची, चिमट्यानं आतले केसर काढून टाकायची, मग वाटीतली पूड लहान ब्रशनं मधोमध टेकवायची. वरून पातळ कापडाची पिशवी, आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा.

आता विचार करा. ओले केस, हातात वाटी, झाडाला काहीतरी टेकवणं आणि वर लाल दोरा. गावानं काय समजावं?

आठ-पंधरा दिवसांनी मी परत गेले तर अख्ख्या झाडावर लाल दोरे. फांद्यांना, देठांना, नुकत्या धरलेल्या फळांना. कुणी पोरीच्या लग्नासाठी बांधला होता, कुणी पोराच्या नोकरीसाठी. कापडी पिशव्या केव्हाच गळाल्या होत्या. आमचे दोरे कुठले आणि नवसाचे कुठले, देवालाही सांगता आलं नसतं.

मी संतापले. “ही अंधश्रद्धा आहे! मी आत्ता सगळ्यांना सांगते की इथे देव नाही, पराग आहेत.”

मावशी ओसरीवर बसून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “सांग ना, बापा. पण आधी इचार कर. आता सगळ्याच फळाचं बी पेरा लागंन. एवढी रोपं मी कुठी ठेवू? मामाजीले अंगणात एक झाड खुपते, जंगल उभारू देतीन का?” मग डोळे पुसून म्हणाली, “ज्यायनं दोरे बांधले, त्याईच्याच घरी रोपं जातीन.”

“म्हणजे त्यांना फसवायचं?”

“तूच सांगजो खरं. पत्रकं नोको वाटू पण. रोपं वाट.”

फळं पिकली, बी पेरलं, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं वर आली. एका दुपारी बायका ती न्यायला आल्या तेव्हा मी ओसरीवर उभी राहून सगळं सांगितलं. पराग, केसर, दोन झाडं, खुणेचा दोरा. नवसाचा इथे काही संबंध नाही. बायकांनी शांतपणे ऐकलं. गावाच्या टोकाला राहणारी एक गोंड बाई होती, संत्र्याच्या तोडीला जाणारी, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, “म्हंजे दोन झाडाचं लगनच लावलं ना तुह्या मावशीनं? फळं खायच्या आधी आमराईचं लावतेत तसं?”

“हो, पण...”

“मंग लग्नात चार पाहुण्यायनं दोरे बांधले, तं तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं?”

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि ‘पण’ तसाच राहिला. नवसाच्या बाबतीत मी आजही त्यांच्याशी सहमत नाही. रोपं मात्र सगळीच्या सगळी गेली.

मग काही वर्षं वाट बघणं. काही रोपं बकऱ्यांनी खाल्ली, काही उन्हाळ्यात करपली. एक भिंत बांधताना गेलं. उरलेल्यांना ज्या वसंतात फुलं आली तो मी विसरणार नाही. मावशी आणि मी घरोघर फिरलो. एका अंगणात फूल साधंच, लाल. पुढच्या घरी केशरी. एकीकडे पाकळ्यांच्या कडा फिक्या. एका घरी झाड गुडघ्याएवढं आणि फुलं बोटाच्या पेराएवढी, पण शेकड्यांनी. एकाच आईची लेकरं, आणि एकही दुसऱ्यासारखं नाही. समानतेबद्दल मी इतकं बोलते, लिहिते. पण कुणालाही कुणासारखं न करता सगळ्यांना जागा देणारं असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. मी प्रत्येक झाडापाशी थबकत होते. मावशीनं दोनदा विचारलं, “ऊन लागलं का वो?”

भरगच्च फूल मात्र कुठेच नव्हतं. आम्ही गावाच्या टोकाला पोचलो तेव्हा मावशीचा चेहरा उतरला होता.

त्या गोंड बाईच्या कुडाच्या कुंपणाआड ते होतं. पाकळीवर पाकळी, दारातल्या झाडासारखंच. फक्त मधोमध थोडे केसर शिल्लक होते, आणि फुलाचा खालचा भाग सुरईसारखा फुगलेला. फळ धरणारं फूल असंच असतं. मावशी खाली वाकली, बोटानं तो फुगवटा चाचपला आणि वाकलेलीच राहिली.

“फूल तोडजो नोको, बाई,” ती शेवटी म्हणाली. “देवाले बी नोको.”

“माह्या झाडाले काय करायचं ते मले समजते,” ती बाई म्हणाली.

पाऊस सरता सरता फळ तयार झालं. मावशी ते मागायला गेली. आबाजींचा शब्द, कुऱ्हाड, सगळं सांगितलं. बाईनं साफ नकार दिला.

“फळ माह्या झाडाचं हाय. पाटलाले खायाचं असन तं इथी याव.”

आबाजी त्या घरी कधी गेले नव्हते. तोडीचा निरोपही बाहेरूनच द्यायचे, रस्त्यावर उभं राहून. या गोष्टीवर मी त्यांच्याशी पूर्वी भांडले होते, आणि ते दर वेळी ‘तू लहान आहे’ म्हणून उठून जायचे. त्या दिवशी मावशी एवढंच म्हणाली, “शबूद तुमी देल्ला होता, मामाजी.”

ते संध्याकाळी निघाले. आम्ही मागे. कुंपणाच्या फाटकापाशी ते थांबले. बाईनं खाट टाकली होती. ते आत गेले आणि बसले.

तिनं फळ हातानंच फोडलं. दाणे फिके गुलाबी. मावशीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. आबाजींनी चार दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. त्यांच्या डोक्याशेजारच्या फांदीवर एक उशिरा आलेलं भरगच्च फूल होतं आणि त्याच फांदीवर दुसरं फळ, अजून हिरवट. मी मावशीला डोळ्यांनीच ती फांदी दाखवली.

“बी कडक हाय,” आबाजी म्हणाले.

“बी कडक नाई, दात जुने हायेत,” बाई म्हणाली.

“आंबटबी हाय थोडं.”

“मंग थुका.”

ते थुंकले नाहीत. त्यांनी गिळलं, आणि पुन्हा हात पुढे केला. तिनं उरलेलं अर्धं फळ त्यात ठेवलं.

“याची एक कलम बांधून देशीन का?” त्यांनी फळाकडे बघतच बाईला विचारलं.

“पाहू,” ती म्हणाली. “आधी खाऊन घ्या.”