भोजनाच्या हेडातली बचत

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी टॉवरात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या काशीनाथ मेश्रामांना ऑफिसात सगळे टरकून असत, आणि काशीनाथरावांचा समज असा की सगळे आपल्याला मान देतात. एका मंत्रालयाच्या बिल सेक्शनमध्ये ते असिस्टंट अकाउंट्स ऑफिसर होते. सरकारी नोकराला बायकामुलांसह फिरून यायचं भाडं सरकार देतं, त्याला एलटीसी म्हणतात. ते भाडं सरकार देतं हा लोकांचा भ्रम. द्यायचं की नाही हे काशीनाथराव ठरवत. कुणी केरळला जाऊन आला आणि त्याचा एखादा कागद हरवला, की मेश्रामजींचा चेहरा उजळायचा. एका अंडर सेक्रेटरीच्या तीन वर्षांच्या मुलीनं आपला बोर्डिंग पास विमानातच चघळून टाकला होता. काशीनाथरावांनी उरलेला तुकडा फाइलला टाचला, प्रवासी ओळखता येत नाही असा शेरा मारला आणि त्या पोरीचं भाडं कापलं. या शेऱ्याबद्दल ते नंतर कित्येक वर्षं स्वतःच स्वतःचं कौतुक करत.

हा माणूस घरी आल्यावर जरा सैल होत असेल, अशी आशा इंदुमतीबाईंनी लग्नानंतर साधारण आठ दिवस बाळगली. मग एक तारीख उजाडली. पगार घरी आला आणि त्याबरोबर ऑफिसातली बदामी पाकिटंही आली. किराणा, भाजी, दूध, वीज, औषध, पाहुणे आणि चौदा एप्रिल, अशी एकेका पाकिटावर सुवाच्य अक्षरात नावं. काशीनाथराव त्यांना हेड म्हणत. एका हेडातला पैसा दुसऱ्या हेडाला शिवू द्यायचा नाही. वळवायचाच झाला तर आधी त्या हेडात बचत दाखवायची आणि मग मंजुरी घ्यायची. मंजुरी देणारे अर्थात तेच. एकदा वीस तारखेला पाहुण्यांचं पाकीट संपलं आणि एकवीस तारखेला भंडाऱ्याहून मावसभाऊ टपकला. त्याला औषधाच्या पाकिटातून चहा पाजता येईल का, यावर काशीनाथरावांनी गंभीरपणे विचार केला आणि येणार नाही असं ठरवलं. मावसभाऊ शहाणा होता. त्यानं खाली जाऊन स्वतःच दूध आणलं.

तरी घर चालत होतं, हे मान्य केलं पाहिजे. भाजीच्या पाकिटात तर महिनाअखेर शे-दोनशे हमखास उरत. त्या बचतीवर काशीनाथराव ऑफिसात व्याख्यान देत. सरकारनं तूट कशी भरून काढावी हे आमच्या घरी येऊन शिकावं, असं ते म्हणत, आणि ऐकणाऱ्यांची बिलं त्यांच्याकडे अडकून पडलेली असल्यामुळे ते माना डोलावत.

रिटायरमेंटला आठ महिने राहिले तेव्हा घरात एक गोष्ट उघडकीला आली. जन्मभर दुसऱ्यांच्या सहली तपासणाऱ्या या गृहस्थानं स्वतः मात्र आपल्या गावाखेरीज कुठेही जायला एलटीसी घेतली नव्हती. मुलगी रोशनी नोएडाला एका कंपनीत होती. ती रविवारी जेवायला आली आणि तिनं फर्मान काढलं की आता अंदमान, आणि आता म्हणजे याच थंडीत. काशीनाथराव लगेच नियम सांगायला लागले. रोशनीनं आईला विचारलं, तुला काय बघायचंय. इंदुमतीबाईंना कुणी असं विचारल्याला बराच काळ लोटला होता. त्या म्हणाल्या की मला पाण्याखालचं बघायचंय.

त्याचं असं होतं. भंडाऱ्याकडे तळी पुष्कळ. लहानपणी इंदुमतीबाई तळ्यात बुडी मारून डोळे उघडे ठेवायच्या आणि खालची हिरवी दुनिया बघायच्या. पुढे लग्न झालं, दिल्ली आली, गुडघे आले. दिल्लीत पाणी फक्त टँकरनं किंवा टाकीतून दिसतं, आणि त्याच्या तळाशी बघू नये हेच बरं. अंदमानला काचेच्या तळाची बोट असते, गुडघे न वाकवता बाकावर बसून खालची पोवळी आणि मासे दिसतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. बाकी त्यांना काही नको होतं. हॉटेल कसलं, समुद्र कुठल्या रंगाचा, कशालाही त्यांची हरकत नव्हती.

तयारी सुरू झाली आणि पैशावरून बापलेकीत जुंपली. रोशनीचं म्हणणं, सगळं फोनवरून होतं, यार बाबा, नोटा घेऊन कोण फिरतं आता. काशीनाथरावांनी चार रात्री इंटरनेटवर माहिती काढून, इंटरनेटवर विसंबता येणार नाही असा निष्कर्ष काढला. छोट्या बेटांवर नेटवर्क जातं, एटीएम दोनच, तीही रिकामी होतात. म्हणून खोल्यांचं भाडं आणि बोटींची तिकिटं दिल्लीहून भरून टाकायची आणि बाकी सगळी रोकड. रोकड अर्थात पाकिटांत. भोजन, स्थानिक प्रवास, दर्शनीय स्थळे, परतीची टॅक्सी. खोली त्यांनी नाश्त्याशिवायची घेतली, कारण ती दोनशेनं स्वस्त पडत होती.

नवराबायकोचे पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअरला गेले. तिथे काशीनाथरावांनी तुरुंग पाहिला, तुरुंगातला रात्रीचा कार्यक्रम पाहिला आणि एकापाठोपाठ चार संग्रहालयं पाहिली. संग्रहालयांबद्दल त्यांना आदर होता, कारण तिथे छापील तिकीट मिळतं. एका संग्रहालयात बाटलीत घालून ठेवलेले मासे होते. ते दाखवून ते म्हणाले, हे बघ, झालं तुझं पाण्याखालचं. इंदुमतीबाईंनी बाटलीकडे पाहिलं आणि त्या पुढे चालू लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं बोटीनं नील बेटावर उतरली, आणि काशीनाथरावांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उगवला. बेटावरचं नेटवर्क पहाटेपासून गेलं होतं. धक्क्यावर माणसं फोन डोक्यावर धरून फिरत होती. एका एटीएमला कुलूप होतं, दुसऱ्यावर कॅश नसल्याची पुठ्ठ्याची पाटी होती. गुडगावचा शार्दूल नावाचा एक मुलगा, लाखभर रुपये महिना कमावणारा, शहाळं पिऊन बसला होता आणि शहाळेवाला त्याला उठू देत नव्हता. काशीनाथरावांनी त्याचे साठ रुपये भरले नाहीत, कारण तसं हेड नव्हतं. पण नियोजन म्हणजे काय यावर त्याला दहा मिनिटं मोफत ऐकवलं. आपण बरोबर ठरलो याचा आनंद त्यांना इतका झाला की छाती फुगवून ते वाळूतून चालू लागले. माणूस क्वचित बरोबर ठरतो तेव्हा त्याच्याजवळ उभं राहू नये.

धक्क्याला लागूनच किनारा, आणि किनाऱ्यावर ती बोट उभी होती. निळी, जुनी, मधोमध काच. इंदुमतीबाई तिच्याकडे भराभर चालत गेल्या, गुडघे विसरून. माणशी हजार, बोटवाला म्हणाला, आणि आज फक्त नगद. काशीनाथरावांनी दर्शनीय स्थळांचं पाकीट उघडलं. चार संग्रहालयांनंतर त्यात दोनशेदहा रुपये उरले होते.

भोजनाच्या पाकिटात पाच हजार चारशे होते. ते त्यांच्या खिशातच, छातीपासून बोटभर अंतरावर होते. इंदुमतीबाईंनी त्या खिशाकडे पाहिलं. काशीनाथरावांनी शांतपणे समजावून सांगितलं की ते जेवणाचे आहेत. बचत नसताना वळवले तर उद्या शिस्त राहणार नाही. संध्याकाळपर्यंत नेटवर्क आलं तर पैसे काढून दर्शनीय स्थळांना पुरवणी तरतूद करता येईल. नाहीच आलं, तर उद्या अकराच्या बोटीनं आपण परत. फोटो मिळतात फार छान, असंही ते म्हणाले.  एकतीस वर्षांत इंदुमतीबाईंनी वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं, आणि काशीनाथराव त्याला सुखी संसार समजत.

दुपारी खानावळीत काशीनाथरावांनी साडेतीनशेला एक अशा माशांच्या दोन थाळ्या सांगितल्या. इंदुमतीबाईंनी एक रद्द करायला लावली. बोटीनं मळमळतंय, म्हणाल्या. काशीनाथराव पोटभर जेवले आणि डायरीत लिहिलं, भोजन, बचत तीनशे पन्नास. रात्रीही इंदुमतीबाईंना भूक नव्हती. त्यांनी ग्लासभर पाणी घेतलं आणि नवऱ्याच्या ताटातले मासे बघत बसल्या. काशीनाथरावांनी पुन्हा साडेतीनशे लिहिले. सकाळी टपरीवर एकशेवीसची पुरीभाजी खाल्ली, एकट्यानंच, आणि डायरीत बचतीची बेरीज मारताना त्यांना खरोखर समाधान वाटलं. नेटवर्क आलं नव्हतं. पण दौरा अंदाजपत्रकाच्या आत बसत होता, आणि ऑफिसात सांगायला ही गोष्ट झकास होती.

टपरीवरून उठल्यावर इंदुमतीबाई धक्क्याकडे वळल्या नाहीत, किनाऱ्याकडे वळल्या. आठ वाजत होते. बोटवाला पहिल्या फेरीची माणसं गोळा करत होता. इंदुमतीबाई बोटीजवळ थांबल्या आणि नवऱ्यापुढे हात केला.

"काल दुपारचं, रात्रीचं आणि आजचा नाश्ता. माझ्या वाट्याचे आठशेवीस वाचले. पाहायच्या पाकिटात दोनशेदहा आहेत. एक तिकीट होतं. मंजुरी द्या."

काशीनाथरावांनी डायरी उघडून पाहिलं. बेरीज बरोबर होती. सांगायला लाज वाटते, पण त्यांच्या मनात सगळ्यात आधी तेवढंच आलं, की बेरीज बरोबर आहे. मग त्यांनी डायरीतून मान वर केली. बाईचे ओठ सुकले होते.

"तू मुद्दाम जेवली नाहीस?"

"जेवलं नाही तर बचत होते."

हे वाक्य त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर काशीनाथरावांनी त्याला उत्तर दिलं असतं. त्यांच्याकडे उत्तरं भरपूर होती. पण त्या रोजचं काम सांगावं तशा बोलल्या, सवयीनं. भाजीच्या पाकिटातले महिनाअखेरचे शे-दोनशे काशीनाथरावांना आठवले. त्या पैशांवर दिलेली व्याख्यानं आठवली. दिल्लीत भाजी दर महिन्याला महागत होती, आणि त्यांच्या घरात मात्र दर महिन्याला उरत होती. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या बिलात खोट शोधणाऱ्या माणसाला आपल्या घरातला हा चमत्कार एकदाही संशयास्पद वाटला नव्हता. ताटात त्यांच्या कधी काही कमी पडलं नव्हतं. समोरच्या ताटात काय होतं हे त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि त्यांना आठवेना.

"भाजीतले उरायचे ते पण?" त्यांनी विचारलं. 

"रोशनीच्या कोचिंगची फी त्यातूनच गेली. तुम्ही लगेच मंजुरी दिली होती तेव्हा."

दिली होती. इतकंच नव्हे, तारीख घालून सही केली होती. काशीनाथरावांना त्या सहीची इतकी शरम वाटली की क्षणभर त्यांना बायकोकडे बघवेना. त्यांनी घाईघाईनं खिशातून भोजनाचं पाकीट काढलं आणि सगळंच्या सगळं तिच्या हातात कोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पैसे न मोजता दिले. चल, म्हणाले, दोघंही जाऊ, दोन तिकिटं काढू, आधी तू काहीतरी खा, बोट थांबेल, मी थांबवतो त्याला.

इंदुमतीबाईंनी पाकीट उघडलं. त्यातून आठशेवीस मोजून घेतले, सुटे बोटवाल्याकडून करून. एक रुपया जास्त नाही. दर्शनीय स्थळांच्या पाकिटासाठी पुन्हा हात पुढे केला, त्यातले एकशेऐंशी घेतले आणि तीस परत दिले. हजार रुपये बोटवाल्याच्या हातावर ठेवले. मग भोजनाचं पाकीट नीट घडी घालून नवऱ्याच्या खिशात परत सरकवलं.

"तुमचं तिकीट कुठल्या हेडातून काढणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर तिन्ही वेळा जेवलात."

बोटवाल्यानं हात दिला. इंदुमतीबाई बोटीत चढल्या, काचेलगतच्या बाकावर बसल्या आणि लगेच खाली वाकल्या. बोट निघाली. काशीनाथराव गुडघाभर पाण्यात उभे राहून हात हलवत होते, पण इंदुमतीबाईंनी काही मान वर केली नाही.