चुन्याने आखलेली खोली

बाबांची रेल्वेतली निवृत्ती जवळ आली तसा क्वार्टर सोडून जायचं कुठं, हा विषय रोज जेवताना निघू लागला. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही तिघं. मला फक्त आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी होती. ते मी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शहरालगतच्या मुर्री गावात बोडीच्या, म्हणजे तिथल्या लहान तलावाच्या काठी प्लॉट पडले. आम्ही उन्हाळ्यात पाहायला गेलो. पाणी आटून मधोमध गेलं होतं. प्लॉट विकणारा आईला म्हणाला, "मॅडम, लेक व्ह्यू है." आई हसली. प्लॉट घेतल्यावर बाबांनी तिथं बुद्धवंदना ठेवली आणि आईने चुन्याने खोल्या आखल्या. मागची, बोडीकडे खिडकी असणारी, माझी. कोणी बघत नाही असं पाहून मी तिच्यात उभी राहून आले.

बांधकामाची परवानगी मात्र अडली. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं, तिथून ठरावीक अंतर मोकळं सोडायचं, असा नियम होता. प्लॉट पाडणाऱ्यांनी ते उन्हाळ्यातल्या पाण्यापासून मोजलं होतं. कार्यालयात बाबा मला पुढे करायचे, ही इंग्लिश मिडियमची आहे म्हणून. मी फाइल त्यांच्याच हातात देऊन मागे सरकायचे. तिथल्या साहेबांनी बाबांनाच सांगितलं, बोडी भरली की येऊन बघू.

त्या पावसाळ्यात मला कुठेच बसवेना. कॉलेज सुटलं की सायकल मुर्रीकडे वळायची. पाणी कुठवर आलं ते पाहायचं आणि घरी लायब्ररीत होते म्हणून सांगायचं.

पोळ्याच्या सुमारास साहेब आले. पावसाने पुसलेला चुना आईने सकाळीच पुन्हा ओढला होता. पाण्याच्या कडेपासून टेप ओढत ते आमच्या प्लॉटमध्ये शिरले आणि खुंटी ठोकली. माझी खोली अख्खी खुंटीच्या मागे, मोकळ्या सोडायच्या जागेत गेली. पुढे मावत होती एक खोली आणि स्वयंपाकघर, क्वार्टरसारखंच.

आई पायाने जुनी रेघ पुसू लागली. ओटा इथं घेऊ, म्हणाली.

"अन् पोरगी कुठं झोपन?" बाबांनी विचारलं.

"माझ्याजवळ. लग्न होतपर्यंतच तर आहे ते."

साहेब टेप गुंडाळत होते. मी पुढे होऊन पुन्हा मोजायला सांगितलं. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच बोलत होते. त्यांनी मोजलं. खुंटी तिथंच राहिली.