माहेरचं लुगडं

अंबाडीचा दोर वळायला दोन माणसं लागतात. मी पीळ देत होतो, बायको टोक धरून बसली होती. शेजारचा गणपत रस्त्यावरूनच ओरडला, "आबा, आपला जिल्हा नवा झाला! नदीपलीकडचे राहिले जुन्यातच."

बायको हसली. "म्हणजे माझं माहेर परमुलूख झालं की हो. आता भाऊ आले तर चहात साखर जास्त टाकावी लागेल."

"आधी टोक नीट धर," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

आमच्याकडं सवाशीण गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भावांना निरोप धाडला. मी नदीकडं बघत बसलो. पात्र तेच, वाळू तीच, पलीकडचा डोंगरही जागचा हलला नव्हता. ढीवर दोन्ही काठांना जाळी टाकतात, पोरी दोन्हीकडं देतात. रेघ कुठंच दिसेना. पण न दिसणाऱ्या गोष्टीचंच मला भ्या वाटतं. साप दिसला तर काठी तरी उचलता येते. कुठल्याशा कचेरीत कुणी नकाशावर बोट फिरवलं आणि नदी रुंद झाली, असं वाटायला लागलं. तिचे भाऊ आलेच नाहीत तर? बाई तशीच गेली तर?

सकाळी जाणते म्हणाले, "आबा, आता थांबता येत नाही. गावातलंच नवं लुगडं घालू."

"घालायचंच तर माझ्या मढ्यावर घाला," मी म्हणालो. धोतर वर खोचलं आणि तिच्या भावांच्या गावाच्या रोखानं पाण्यात उतरलो.