साहेब भाजी निवडतायत

काकूंना राग आला की त्यांचे हात एकदम स्थिर व्हायचे. भांडण ऐन रंगात असलं तरी सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक सर्किटवरच्या केसाएवढ्या रेघेवर बरोबर टेकायचं. "राग येऊ दे की. हातात उतरू द्यायचा न्हाय," असं त्या मला सांगायच्या. मला ते कधी जमलं नाही. हे लिहितानाही जमत नाहीये.

जुळे सोलापुरात त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहिले. वळसंगहून इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. काकू सातवी शिकलेल्या. लग्नाआधी पुण्यात रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगचे डाग द्यायला बसायच्या, तीच त्यांची शाळा. इथे आल्यावर जेवणाच्या टेबलावर मेणकापड पसरून त्यांनी लोकांच्या बिघडलेल्या वस्तू उघडायला सुरुवात केली. मिक्सर, टीव्ही, भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर, आणि लग्नात वाजतात ते सिंथेसायझर.

दारात माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला. "साहेब आहेत का?" साहेब म्हणजे काका, कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. काकू दार अडवून म्हणायच्या, "हाईत की. आत भाजी निवडतायत. वस्तू माझ्याकडं द्या." माणूस गंमत समजून हसायचा. आत काका खरोखरच मेथी निवडत बसलेले असायचे.

एकदा टेंभुर्णीचा एक ऑर्केस्ट्रावाला सिंथेसायझर घेऊन आला. बऱ्याच पट्ट्या मुक्या झाल्या होत्या आणि दोन दिवसांवर लग्नाची सुपारी. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, मेन बोर्ड गेला, नवीनच घ्या. मीही चष्मा सावरून म्हणाले, "आतली चिप, आयसी गेला असणार."

"झाकण उघडायच्या आधीच तेरावं घालून मोकळी झालीस व्हय?" काकू म्हणाल्या.

त्यांची रीत वेगळी होती. आधी काहीच उघडायचं नाही. डावीकडून एकेक पट्टी दाबत जायची आणि जी वाजणार नाही तिच्यावर आपल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवायची. मग उठून चार पावलं मागे जायचं आणि नुसतं बघत राहायचं. "मोज," त्या म्हणाल्या. मी मोजलं. बरोबर दर आठवी पट्टी.

"आता सांग, तुझा आयसी आट-आट मोजून मरंल व्हय?"

दर आठव्या पट्टीला जोडणारी तांब्याची एक रेघ आतल्या सर्किटच्या पाटीवर असते. तीच कुठेतरी तुटली होती. हा प्रश्न मला परीक्षेत दहा मार्कांना आला होता. आकृती काढून पैकीच्या पैकी मिळवले होते. समोर येऊन बसला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही! मल्टिमीटरची टोकं टेकवत काकूंनी जागा शोधली. एका स्क्रूपाशी ओल जाऊन तांबं हिरवं पडलं होतं. त्यांनी एक बारीक तार घेतली, दोन डाग दिले, आणि सगळ्या पट्ट्या बोलायला लागल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी ऑर्केस्ट्रावाला आला. वाजवून बघितलं, खूश झाला, आणि काकूंच्या शेजारून तसाच आत जाऊन काकांच्या पाया पडला. "साहेब, तुमच्या हातात जादू हाय."

काका म्हणाले, "हं."

एवढंच. 'मी नाही, हिनं केलं' म्हणायला किती वेळ लागतो?

काकूंनी वाद्य उलटं केलं, स्क्रू काढले आणि आपली तार कापली. "न्या आता. साहेबांची जादू शिल्लक हाय का बघा."

"अवो काकू, संध्याकाळी हळद हाय! कार्यक्रम हाय माझा!"

"मग साहेबांना सांगा की. हाईत न्हवं आत."

काका मेथीच्या परातीत बघत बसले. शेवटी त्या माणसाने हात जोडले, तेव्हा काकूंनी त्याला खुर्चीवर बसवलं, डोळे उघडे ठेवायला सांगितलं आणि त्याच्या देखत तार परत लावली. त्याने सगळं बघितलं. मी तिथेच उभी होते.

तो गेल्यावर मी म्हणाले, काम झालं ना, नाव कुणाचं का असेना. काकू माझ्याकडे वळल्या. "तुझ्या डिग्रीच्या कागदावर तुझ्या दादाचं नाव घातलं तर चालंल?"

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तोवर मी पुण्यात नोकरीला लागले होते, रजा टाकून आले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. ऑर्केस्ट्रावाला आला होता. तो बोलायला उठला. "साहेबांनी किती कलावंतांची वाद्यं जिवंत केली. आणि काकूंनी त्यांना जन्मभर साथ दिली. गेल्या गेल्या हातात चहा यायचा." लोकांनी माना डोलावल्या. मी काकांकडे पाहिलं. खरं सांगायला अजून वेळ होता. काका म्हणाले, "हं."

मी उभी राहिले. "खोटं आहे हे. काकांना सोल्डरिंग गन कुठून धरतात तेही माहीत नाही. आणि तुम्ही खुर्चीवर बसून स्वतः बघितलंत ना हो?"

"तसं न्हाय ताई," तो खाली बघत म्हणाला. "चार माणसांत बोलायची पद्धत असती."

शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, ही काय वेळ हाय का?"

"मग कधीची आहे? त्या परत मरणार आहेत का?"

काका रडायला लागले. दोघीतिघी त्यांना सावरायला धावल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच कुणाला मारलंय. मला दया आली नाही. बऱ्याच वेळाने काकांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि ते पुटपुटले, "तीच करायची. सगळं तीच करायची." पुढच्या रांगेलाही ते धड ऐकू गेलं नसेल.

मी म्हणाले, "मोठ्याने, काका."