हत्तीच्या पायांवरचं वजन

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. गाईंना कृत्रिम रेतन, शेळ्यांना लसी, पोट फुगलेल्या म्हशींना औषध आणि संध्याकाळी रजिस्टर, असं माझं काम. चित्रकला मी कुठे शिकलेले नाही. पदविकेला असताना हाडं आणि स्नायू पेन्सिलने काढावे लागत, तेवढाच काय तो सराव. हत्तींकडे वळले त्यालाही मोठं कारण नव्हतं. अमडापूरला बदली झाली तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर चिखलातून वर येणाऱ्या हत्तीचा फोटो होता. दुपारी फारसं कोणी येत नसे. एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर मी तो हत्ती काढून पाहिला. जमला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला.

चार-पाच वर्षं मी तेच करत राहिले. मोबाईलवर फोटो शोधायचे, मोठे करून बघायचे आणि काढायचे. कागद चांगला आणायला लागले. पेन्सिली टू-एचपासून एट-बीपर्यंत सगळ्या जमल्या. हत्तीच्या अंगावर जे विरळ राठ केस असतात, ते पांढरे ठेवायची युक्ती माझी मीच शोधली. बोथट झालेल्या इंजेक्शनच्या सुईने कागदावर आधी कोरडी रेघ दाबायची आणि मग वरून शिसं फिरवायचं. दाबलेल्या रेघेत शिसं उतरत नाही, केस आपोआप उजळ राहतो. सुरकुत्यांना तर मी दिवसच्या दिवस द्यायची. एक कान पुरा व्हायला आठवडा लागे. बघणारे म्हणत, अगदी फोटोसारखा आहे. मलाही तसंच वाटे.

दवाखान्याच्या कुंपणाबाहेर, लिंबाखाली, बाजाराच्या दिवशी एक नालबंद बसत. सत्तरीच्या आसपासचे, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. त्यांचे वडील आणि आजोबाही बैलांना नाल ठोकायचंच काम करत. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणायचे. एखादा खिळा खोल गेला आणि बैलाच्या खुरातून रक्त आलं की ते आत येऊन औषध मागत. तसेच एकदा आले, तेव्हा टेबलावर माझं नुकतं पूर्ण झालेलं चित्र होतं. मोठ्या सुळ्यांचा नर, समोरून चालत येणारा. त्याच्यावर माझा महिना गेला होता.

चाचांनी औषधाची बाटली हातात घेतली आणि चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी काढला?"

"हो."

"चामडी बरोबर हाय," ते म्हणाले. "पण बाई, हा उभा नाही. लटकून राह्यला."

मला समजलं नाही. मी म्हणाले, "लटकतोय म्हणजे?"

"चारी पाय सारखेच हाय त्याचे. कोन्त्याच पायावर वजन नाही. वरून दोरीनं बांधल्यासारका दिसते." एवढं बोलून ते बाहेर गेले. बैल पाडून ठेवलेला होता, त्यांना घाई होती.

मला राग आला होता, हे खरं आहे. ज्या माणसाने जन्मात हत्तीला हात लावला नाही, त्याने हे सांगावं! मग लक्षात आलं की मीही लावलेला नाही. लहानपणी शेगावच्या रस्त्यावर एकदा लांबून पाहिला होता, तेवढाच. घरी जाऊन चित्र भिंतीला टेकवलं आणि फक्त पाय बघितले. चारही पायांच्या सुरकुत्या मी सारख्याच मेहनतीने काढल्या होत्या. चारही पाय खांबासारखे सरळ. खालची सावली पुसून पाहिली असती, तर हत्ती हवेत राहिला असता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी वही घेऊन लिंबाखाली जाऊन बसले. चाचांनी बसायला पोतं सरकवलं. नाल ठोकण्याआधी ते बैलाला लगेच पाडत नसत. आधी त्याला मोकळा उभा करून पाहत.

"काय बघता?" मी विचारलं.

"कोन्त्या पायाले आराम देऊन राह्यला ते. जनावर चारी पायावर सारकं कधीच उभं राहत नाही. घडीघडीले बदलते. तुमी दवाखान्यात पोट पाहता, शेपटी पाहता. मी पाय पाहतो."

मी बैलांचे पाय काढू लागले. एका बैठकीला वीस-पंचवीस. वजन पडलेला खूर थोडा फाकतो, वरची कातडी खाली दाबली जाते, खांदा वर सरकतो. मोकळ्या पायाचा सांधा किंचित पुढे येतो. हे सगळं मी रोज बघत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं. चाचा अधूनमधून वहीत डोकावत आणि एखाद्या पायावर काळं बोट ठेवून "हा" म्हणत.

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात एक माहूत दवाखान्यात आला. शेगावकडे निघाला होता. हत्तीण गावाबाहेर ओढ्याजवळ उभी केली होती. डांबरी रस्त्यावर चालून तिच्या पुढच्या पायाचं नख वाढलं आणि चिरलं होतं. डॉक्टर बुलढाण्याला बैठकीला गेले होते. मी त्यांना फोन केला आणि नखाचा फोटो पाठवला. ते म्हणाले, जखम खोल नाही, धुऊन औषध लावा, पण वाढलेलं नख कानशीने घासून घ्यायला हवं, नाहीतर चीर वर चढेल. माहुताकडची कानस पार गुळगुळीत झाली होती. तो माझ्याकडे बघत होता. मला एकच माणूस आठवला.

चाचा घरी होते. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "मी बैलाचा नालबंद हो, बाई."

"नखच आहे, चाचा. घासायचं आहे फक्त."

त्यांनी आत जाऊन दोन कानशी आणल्या, एक नवी आणि एक अर्धी झिजलेली. माझ्या स्कुटीवर मागे बसून, कानशी मांडीवर धरून ते ओढ्यापर्यंत आले.

हत्तीण बाभळीखाली उभी होती. जवळ गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास, ओल्या गोणपाटासारखा. मग तिचा श्वास ऐकू आला. मला वाटलं होतं की मी फार हलून जाईन. तसं झालं नाही. मी वही काढली आणि पेन्सिलीला टोक केलं. चाचा तिच्याभोवती दुरून एक चक्कर मारून आले आणि मग खाली उकिडवे बसून राहिले. माहूत हिंदीत म्हणाला, "शुरू करो ना, चाचा." चाचांनी हात वर करून त्याला थांबवलं. दहा मिनिटं तरी ते नुसते तिचे पाय बघत होते.

मग माहुताने हुकूम दिला. हत्तिणीने पुढचा पाय उचलून एका मोठ्या दगडावर ठेवला. चाचांनी आधी तळवा चाचपला, नखावर हात फिरवला आणि कानस लावली. खरखर आवाज येऊ लागला. नखाची पांढरी भुकटी त्यांच्या पायजम्यावर पडत होती. हत्तीण सोंडेने त्यांच्या टोपीचा वास घेत होती. मी तिचा खांदा काढत होते.

मध्येच चाचांनी पटकन दोन्ही हात मागे घेतले. पुढच्याच क्षणी हत्तिणीचा पाय दगडावर दाबला गेला. नख दगडाच्या कडेला घासून कर्रर्र झालं. क्षणभरापूर्वी चाचांची बोटं तिथेच होती. माहूत ओरडला, हत्तीण पुन्हा सैल झाली.

चाचा शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाले, "दिसलं का?"

"नाही," मी खरं सांगितलं. माझी नजर कागदावर होती.

"मंग काय काढून राह्यल्या तुमी?"

मी वही मिटली आणि नुसती बघत बसले. पंधरा-वीस मिनिटांनी तसंच पुन्हा झालं आणि या वेळी मला दिसलं. मागचा डावा पाय आधी सैल झाला, त्याची टाच जमिनीवरून अर्धी सुटली. मग पोट हललं. मग समोरचा खांदा वर आला. म्हणजे वजन मागून निघून पुढे पोहोचेपर्यंत तीन गोष्टी होत होत्या. दगडावरचा पाय चेपला जाईपर्यंत पुरेसा वेळ होता. चाचांचे हात तेव्हा केव्हाच बाहेर आले होते.

नख घासून झालं आणि मी जखम धुऊन औषध लावलं, तेव्हा चाचांनी माहुताला विचारलं, हिची उंची किती. माहुताने खांद्यावरची दोरी काढली, हत्तिणीच्या पुढच्या पायाभोवती दोन वेढे दिले आणि तेवढी दोरी जमिनीपासून वर धरली. ती बरोबर तिच्या खांद्याला लागली. माहुताला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी घरी येऊन जुनी चित्रं पट्टीने मोजली. मी काढलेल्या सगळ्या हत्तींचे पाय बारीक होते.

दुसऱ्या दिवशी जखम बघायला गेले, तेव्हा दोन तास वहीत पाय काढले. माहुताने एक गोष्ट आपणहून सांगितली. हत्तीच्या डोळ्याखाली जी ओली रेघ दिसते, ते रडणं नसतं, त्यांच्या डोळ्याचं पाणी तसंच बाहेर वाहतं. लोक उगाच हळहळतात, म्हणाला. तिसऱ्या दिवशी ते निघून गेले होते. ओढ्याच्या काठावर पायांचे ठसे होते, काही खोल, काही उथळ.

त्या हत्तिणीचं चित्र मी अडीच महिने काढलं. एरवी मी डोळ्यापासून सुरुवात करते. या वेळी पायांपासून केली. वजन असलेल्या पायाच्या नखांवरच्या सुरकुत्या पायमोजा घसरल्यासारख्या गोळा होतात, त्या फोर-बीने दाबून काढल्या. सैल पायाच्या टाचेखाली एक बारीक फट ठेवली आणि तिथली सावली हलकी केली. पोटाची रेघ तीनदा खोडली. डोळा सगळ्यात शेवटी, एका दुपारी उरकला. डोळ्याखालची ओली रेघ मात्र ठेवली, कारण ती होती.

चित्र घेऊन चाचांकडे गेले. ते अंगणात बसले होते. त्यांनी चित्र मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने एकेक पाय झाकून पाहिला. मागचा डावा झाकला, तरी हत्तीण उभीच होती. पुढचा उजवा झाकला तेव्हा म्हणाले, "हा काढला तर पडंन." मग चित्र परत दिलं. "हाव. आता उभी हाय."

ते चित्र नागपूरच्या एका वन्यजीव चित्रांच्या प्रदर्शनात निवडलं गेलं. रजा काढून मी एक दिवस जाऊन आले. वाघ पुष्कळ होते, हत्ती चार. माझ्या चित्रासमोर लोक थांबत होते आणि जवळजवळ सगळे डोळ्याबद्दल बोलत होते. एका बाईंनी डोळ्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि मला म्हणाल्या, "किती दुःख आहे हो हिच्या डोळ्यात! तुम्हाला काढताना रडू आलं असेल ना?" मी म्हणाले, "नाही." त्यांना ते आवडलं नसावं. मला प्रमाणपत्र मिळालं, गुलाबाचं फूल मिळालं. संध्याकाळच्या बसने परत निघाले.

पुढच्या बाजाराला चाचांनी विचारलं, "पायाचं काय म्हनले लोक?"

"पायांकडे कोणी बघितलंच नाही, चाचा."

ते हसले. "काऊन पाहतीन? त्यायले थोडीच नाल ठोकायची हाय!"

मला त्यांना काहीतरी द्यावंसं वाटत होतं. चित्राची छापील प्रत करून देते म्हटलं, तर ते संकोचले. "घरात आमी जानदारची, जित्या जीवाची तस्वीर लावत नाही, बाई. बुरा नका मानू." थोडा वेळ खिळे निवडत राहिले. मग म्हणाले, "नुस्ते पाय असतीन तर चालते. तोंड नाही नं त्याले."

म्हणून मी नुसते पाय काढले. गुडघ्यापासून खाली, चार, आणि त्यांच्याखाली ओढ्याकाठची माती. शेगावला चौकट करून घेतली. दुकानदाराने चौकट ठोकताना दोनदा विचारलं, वरचा कागद कापला गेला का म्हणून. चाचांनी ते चित्र छपरीत लावलं, हत्यारांच्या खुंटीशेजारी.

गेल्या वर्षापासून ते नाल ठोकत नाहीत. हाताची पकड गेली आहे, आणि बैलही कमी झालेत, बाजाराच्या दिवशी दोन-चार जोड्या येतात. लिंबाखाली आता चहाची गाडी लागते. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाते. मागच्या खेपेला ते नमाजला गेले होते, चाची एकट्याच होत्या. छपरीत बसवून त्यांनी चहा आणला आणि चित्राकडे हात करून म्हणाल्या, "मी यायले किती खेप विचारलं, हे कोन्त्या इमारतीचे खांब हाय म्हनून. सांगतच नाहीत. नुस्ते हसते."

मी म्हणाले, "हत्तिणीचे पाय आहेत, चाची."

चाची उठल्या, चित्राच्या जवळ गेल्या, पदराने काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा मागचा दुखते का तिचा?"

"नाही," मी म्हणाले. "आराम देतेय."

"असं," त्या म्हणाल्या, आणि बशीत माझ्यासाठी आणखी दोन बिस्किटं ठेवली.