काल सतरावा व्हता

शहागंजात माझ्या दुकानाला लागून एक म्हातारे ज्यू चाचा घड्याळं दुरुस्त करतात. वल्हांडणाचा सण लागला की दुसऱ्या रात्रीपासून पुढच्या सणापर्यंत ते रोज एकेक दिवस मोजतात. दिवस मावळला की उभं राहायचं, प्रार्थना म्हणायची, मग आकडा. आकडा आधीच तोंडातून निसटला, तर त्या दिवसाची प्रार्थना हुकली. म्हणून तिन्हीसांजेला कुणी "चाचा, आज कितवा?" म्हटलं की ते आम्हा परक्यांना कालचाच आकडा सांगतात, तोही वर न बघता.

परवा नेमका त्याच वेळी परदेशातून मुलाचा फोन आला. चाचांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"पप्पा, आज कितवा दिवस? सण कधी उरकतो ते कळलं, की एजंटला घर दाखवायला सांगतो."

लहानपणी हाच पोरगा त्यांच्या शेजारी उभा राहून मोजायचा.

चाचा वर न बघता म्हणाले, "काल सतरावा व्हता."

"कालचं नाही हो, आजचं विचारतोय!" पोरगा खेकसला.

चाचांनी फोन बंद केला, टोपी सारखी केली आणि उभं राहून अठरावा दिवस मोजला.

घर विकायला काढलंय, हे मला त्या फोनवरूनच कळलं. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.